क्रेडिट शेल: बारा महिने वापरल्यानंतर

एप्रिल 2020 ते मार्च 2021 या काळात विमान कंपन्यांची क्रेडिट शेल (रद्द तिकिटाची रक्कम रोख परत न देता पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच ठेवलेली शिल्लक) वापरून, दुसऱ्यांना वापरायला मदत करून आणि शेवटी त्यांचे रोख पैसे करून घेऊन हा अनुभव लिहिला आहे. कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेली तिकिटं, ट्रॅव्हल पोर्टलवरची, नेहमीच्या एजंटकडची आणि परदेशी कंपन्यांची, असे चारही प्रकार यात आले. पाचपैकी दोन गुण. त्यातला एक गुण सुप्रीम कोर्टाच्या 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालानंतर झालेल्या सुधारणांचा. त्याआधीचं शेल म्हणजे ग्राहकाकडून न विचारता घेतलेलं बिनव्याजी कर्ज होतं.

हे कडक वाटेल, पण डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा, नियम आधीपासून स्पष्ट होता. रिफंडची रक्कम शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने परस्पर ठेवायची नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर रद्द झाल्यापासून 7 दिवसांत परत. एजंटमार्फत तिकीट असेल तरी जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी, आणि मुदत तेव्हा 30 कामकाजाचे दिवस. मार्च 2020 मध्ये देशांतर्गत विमानं थांबली आणि हा नियम कागदावरच राहिला. ‘तुमची रक्कम सुरक्षित आहे’ असा मेल आला की बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला. रक्कम सुरक्षित होती, पण कंपनीच्या खात्यात.

शेलची खरी किंमत किती, हे आकड्यांत बघू. मुंबई–दिल्ली तिकीट जानेवारी 2020 मध्ये सगळं मिळून ₹2,900 ला काढलं, प्रवास 18 एप्रिलचा, आणि विमान त्याच सुमारास रद्द. कोर्टाच्या निकालाप्रमाणे रद्द झाल्या दिवसापासून 30 जून 2020 पर्यंत दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला मूळ रकमेच्या 0.5 टक्के वाढ. इथे तीन महिने धरले जातात, म्हणजे 1.5 टक्के. पुढे 31 मार्च 2021 पर्यंत महिन्याला 0.75 टक्के, म्हणजे नऊ महिन्यांचे 6.75. एकूण 8.25 टक्के, रुपयांत ₹239. शेल झालं ₹3,139 चं.

पण 25 मे 2020 ला देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली ती सरकारने ठरवलेल्या किमान-कमाल भाड्यांसह. मुंबई–दिल्लीसाठी किमान ₹3,500 आणि कमाल ₹10,000, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. फेब्रुवारी 2021 मध्ये हेच किमान भाडं ₹3,900 आणि कमाल ₹13,000 झालं. म्हणजे पूर्ण वाढ मिळालेल्या शेलवरसुद्धा तीच सीट घ्यायला खिशातून निदान ₹761 आणि वर कर. स्वस्तात आगाऊ काढून ठेवलेल्या तिकिटांना हा फटका सर्वांत मोठा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं आपल्याकडे तशीच काढली जातात. ज्यांनी मुळातच महाग, ऐनवेळचं तिकीट घेतलं होतं त्यांना शेल बऱ्यापैकी पुरलं. म्हणून शेल घ्यावं की रोख मागावेत, याचं उत्तर मूळ भाडं किती होतं यावर ठरत होतं. सरकारने ठरवलेल्या किमान भाड्यापेक्षा कमी असेल तर रोखच.

रोख कोणाला मिळू शकत होते? कोर्टाने दोन तारखा बघायला सांगितल्या: बुकिंगची आणि प्रवासाची. दोन्ही 25 मार्च ते 24 मे 2020 या लॉकडाउनच्या काळातल्या असतील तर रद्दीकरण शुल्क न कापता पूर्ण रक्कम, तीन आठवड्यांत. बुकिंग आधीचं पण प्रवास 24 मे पर्यंतचा असेल, आणि बहुसंख्य लोक याच गटात होते, तर निकालापासून 15 दिवसांत रिफंडचा प्रयत्न. आर्थिक अडचणीमुळे कंपनीला जमलंच नाही तर शेल, तेही वरच्या वाढीसह. प्रवास 24 मे नंतरचा असेल तर डीजीसीएचा नेहमीचा नियम. गोंधळ सगळा तिसऱ्या गटात झाला. जून-जुलैच्या तिकिटांवर लोक कोर्टाच्या निकालाचा हवाला देत राहिले आणि कस्टमर केअर ‘लागू नाही’ म्हणत राहिलं. अशा वेळी निकालाऐवजी डीजीसीएच्या नियमाचा आधार घ्यायचा. विमान कंपनीने रद्द केलं असेल तर पूर्ण रक्कम मिळायला तोही पुरेसा आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईघाईने स्वतः ‘कॅन्सल’ दाबणं. विमान जाणार नाही हे दिसत असतं, मन अस्वस्थ असतं आणि बोट बटणावर जातं. त्या क्षणी ते प्रवाशाने केलेलं रद्दीकरण ठरतं आणि शुल्क कापलं जातं. तिकीट ₹2,900 चं असेल तर हातात बहुतेक वेळा फक्त विमानतळ शुल्क आणि कर उरतात. (ते मात्र मागून घ्याच. मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी हे पैसे परत द्यावेच लागतात.) कंपनीचा रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबायचं, तो आला की स्क्रीनशॉट काढायचा, फ्लाइट स्टेटसच्या पानाचाही काढायचा, मगच रिफंडचा पर्याय निवडायचा. वेळ बदलल्याचा मेल आला तर ‘ॲक्सेप्ट’ करण्याआधी दोनदा विचार करा. स्वीकारलंत की तुम्ही नवं विमान मान्य केलंत, आणि मग रिफंडचा दावा कमजोर होतो. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये, नेमकं हेच झालं. विमानं चालू होती, लोकांनी भीतीने स्वतः तिकिटं रद्द केली आणि शुल्क भरलं. 1 जूनपासून विमानांच्या क्षमतेवर 50 टक्क्यांची मर्यादा आली. कंपनीने विमानच रद्द केलं की थांबलेल्याला पूर्ण पैशांचा हक्क मिळत होता.

आता प्रत्यक्ष वापर. शेल जुन्या पीएनआरला चिकटलेलं असतं. नवीन बुकिंगमध्ये पैसे भरण्याच्या पानावर जुना सहा अक्षरी पीएनआर आणि ईमेल किंवा आडनाव टाकलं की शिल्लक दिसते. अडचण याच ठिकाणी येते. तिकीट एजंटने काढलेलं असेल तर पीएनआरमध्ये ईमेल आणि मोबाइल त्याचा असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही स्वतःच्याच पैशांपुढे हात बांधून बसता. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असलं तरी शिल्लक दिसत नाही. तिकिटावर जसं छापलं आहे तसंच टाका, पासपोर्टवर आहे तसं नाही. चार जणांचं एकच बुकिंग असेल तर शेलही एकच असतं. एकाला एकट्याला जायचं असेल तर आधी पीएनआर विभागून घ्या. कस्टमर केअरला फोन करून हे काम होतं, वेबसाइटवरून क्वचितच.

कोर्टाने शेल दुसऱ्या कुणालाही देता येईल आणि कुठल्याही मार्गावर वापरता येईल असं केलं, ही मोठी सोय. मावशीचं रद्द झालेलं पुणे–कोलकाता तिकीट भाच्याच्या नागपूर–बंगळुरू प्रवासाला लागू शकलं. पण एक अट विसरू नका: एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचं शेल त्याच एजंटमार्फत वापरायचं. एजंटचं दुकान लॉकडाउनमध्ये बंद पडलं असेल तर वापराचा नाद सोडून द्यायचा आणि रोख रिफंडच मागायचा.

एजंटवर लोक फार चिडले. काहींवर चिडायला कारण होतं, पण पैसा कुठे अडकतो ते समजून घेतलं तर भांडण योग्य माणसाशी होतं. स्वस्त दरातल्या कंपन्यांकडे एजंट आगाऊ रक्कम भरून ठेवतो, तिकीट त्यातून कापलं जातं. रिफंड त्याच खात्यात जमा होतो, एजंटच्या बँकेत येत नाही. 2020 मध्ये विक्रीच ठप्प होती. वॉलेटमध्ये आकडा वाढत होता आणि एजंटच्या हातात रोकड शून्य. मोठ्या कंपन्यांची तिकिटं आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या बिलिंग व्यवस्थेतून जातात. तिथे एरवी एजंट स्वतःच सिस्टिममधून रिफंड काढतो. पण त्या वसंतात कित्येक कंपन्यांनी ही सोय बंद केली आणि प्रत्येक तिकिटासाठी वेगळा अर्ज करायला लावला. म्हणून एजंटला ‘पैसे कधी देणार’ असं विचारून भागत नाही. त्याला तीन गोष्टी विचारा: रिफंडचा अर्ज कोणत्या तारखेला केला, कंपनीकडून रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, आणि किती. उत्तरं मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. मग कंपनीला वेगळा मेल करून तोच पीएनआर देऊन विचारा की रिफंड एजंटला दिला का. दोन्ही तारखा समोर आल्या की कोण थांबवतंय ते लगेच कळतं.

‘रिफंड प्रोसेस्ड’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका. कार्डावर पाठवलेल्या प्रत्येक रिफंडला 23 आकडी एआरएन क्रमांक असतो. कंपनीकडून तो मागा. ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ असं उत्तर आलं तर बहुधा रिफंड निघालेलाच नसतो. क्रमांक मिळाला की बँकेला द्या, बँक रक्कम शोधून काढते. यूपीआयने भरले असतील तर 12 आकडी संदर्भ क्रमांक मागायचा. कार्ड बदललं किंवा मुदत संपली असेल तर घाबरायचं कारण नाही, पैसे त्याच बँकेत येतात आणि नव्या कार्डाला जोडले जातात. कार्डाचं खातंच बंद केलं असेल तर रक्कम बँकेकडे जमा म्हणून पडून राहते. शाखेत लेखी अर्ज देऊन एनईएफटी करून घ्यावी लागते. ईएमआयवर तिकीट घेतलेल्यांनी विशेष लक्ष द्या: रिफंड कार्डावर जमा होतो, पण हप्ते चालूच राहतात. बँकेला सांगून ईएमआय बंद करावा लागतो.

आंतरराष्ट्रीय तिकिटात आधी 13 आकडी तिकीट क्रमांक बघा. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे: 098 एअर इंडिया, 176 एमिरेट्स, 220 लुफ्थान्सा. विमान कुणाचंही असो, पैसे मागायचे ते या कंपनीकडे. कोडशेअर विमानात (तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं) दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात, तिथे हे तीन आकडे वाद मिटवतात. जाताना प्रवास झाला आणि परतीचं विमान रद्द झालं असेल तर न वापरलेल्या भागाचे पैसे मागा, आणि हिशेब लेखी मागा.

लंडन किंवा फ्रँकफर्टहून निघणारं विमान असेल तर तिथला कायदा लागतो, कंपनी भारतीय असली तरी. 7 दिवसांत रोख परत. व्हाउचर फक्त प्रवाशाच्या लेखी संमतीने. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना तिथल्या वाहतूक खात्याकडे तक्रार करण्याचा खरोखर उपयोग झाला. 14 नोव्हेंबर 2022 ला त्या खात्याने सहा कंपन्यांवर कारवाई जाहीर केली. त्यात एअर इंडियाचे रिफंड होते 12 कोटी 15 लाख डॉलर आणि दंड 14 लाख डॉलर. खात्याकडे आलेल्या सुमारे 1,900 तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारींत पैसे द्यायला 100 दिवसांच्या वर लागले होते. तक्रारींचा हा ढीग प्रवाशांनी एकेक करून रचला होता.

भारतात क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला मेल, त्यात पीएनआर, बुकिंगची आणि प्रवासाची तारीख, भरलेली रक्कम, शेलची वाढीव रक्कम स्वतः मोजून, आणि नेमकी मागणी एका वाक्यात. उत्तर नाही आलं तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार. तिथून कंपनीला उत्तर द्यावंच लागतं आणि तक्रार बंद केली तर शेरा लेखी मिळतो. सोबत ग्राहक हेल्पलाइन 1915. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि दावा ऑनलाइन भरता येतो. मुदत दोन वर्षांची. कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ त्यातून वगळला होता.

31 मार्च 2021 ला न वापरलेली शेल संपली आणि रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जायला हवी होती. थेट तिकिटांचे पैसे बहुतांश आले. पोर्टलवरच्या तिकिटांचे अडकले ते त्यांच्या वॉलेटमध्ये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2024 च्या एका आदेशातले आकडे बघा: एकाच पोर्टलकडे 2021 मध्ये ₹26.25 कोटी थकलेले, आणि 21 जून 2024 ला अजूनही 4,837 बुकिंगचे ₹2.52 कोटी बाकी. त्या लोकांना फोन करण्यासाठी ग्राहक हेल्पलाइनमध्ये पाच माणसं वेगळी नेमायला सांगावं लागलं. तेव्हा मार्च ते मे 2020 मधल्या प्रवासाचे जुने मेल एकदा उघडा, पीएनआर शोधा, आणि ज्या पोर्टलवरून तिकीट काढलं होतं तिथे लॉगिन करून वॉलेटची शिल्लक बघा. मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी तो बदलून घ्या, म्हणजे ओटीपी तुमच्याकडे येईल.