बारावीनंतर दोघांनीच परदेशी: स्वित्झर्लंड की जपान?

बारावी झाली की आई किंवा बाबा आणि मूल, एवढ्या दोघांनीच आठ-दहा दिवस बाहेर जाऊन यायचं, हे नागपुरात आता नवं राहिलेलं नाही. दुबई, सिंगापूर, थायलंड बऱ्याच घरांचं आधीच झालेलं असतं. मग शेवटी घोडं अडतं ते स्वित्झर्लंड की जपान इथे. कुठे काय बघायचं हे मुलाला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळे आल्प्स आणि फुजीचं वर्णन इथे नाही. आम्ही जपान निवडलं, हे आधीच सांगून टाकतो. वाचताना तेवढं वजा करून घ्या.

आमचं पारडं फिरवलं ते बोटांच्या ठशांनी.

शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला केंद्रावर स्वतः जाऊन ठसे द्यावे लागतात. नागपूरकरांसाठी याचा अर्थ बहुतेक वेळा मुंबई. रात्रीच्या दुरांतोने निघा, सकाळी सीएसएमटीला उतरा, दिवसभर केंद्र, पुन्हा रात्रीची गाडी. एरवी यात काही जड नाही. पण बारावीच्या मुलाचं वर्ष आठवा. जानेवारीत जेईई मेन आणि पूर्वपरीक्षा, मग प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये मेनचं दुसरं सत्र आणि सीईटी, मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास नीट. उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळण्याची मारामार असते तीही नेमकी फेब्रुवारी ते एप्रिल. मार्चमधल्या एका मंगळवारी भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन मुंबईच्या गाडीत बसलेलं मूल सहलीबद्दल जे बोलतं, ते ऐकण्यासारखं नसतं.

यावर तोड आहे, पण अर्धीच. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, म्हणजे जूनच्या सहलीचे ठसे डिसेंबरात देऊन मोकळं होता येतं. अडचण अशी की अर्जात जाण्या-येण्याच्या तारखा, हॉटेलं आणि विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं, आणि व्हिसा त्या तारखांच्या आसपासचाच मिळतो. डिसेंबरात सगळ्या परीक्षांच्या तारखा पक्क्या नसतात, आणि पक्क्या झालेल्याही सरकतात. सीईटी आठवडाभर पुढे गेली किंवा मुलाला जेईई ॲडव्हान्स्ड द्यायची संधी मिळाली, की हातात व्हिसा असूनही तो निरुपयोगी. शुल्क माणशी ९० युरो, वर केंद्राचा सेवा आकार. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची सवलत इथे लागू नाही आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

जपानचं गणित याच जागी सोपं होतं. व्हिसासाठी ठसे लागत नाहीत. ते तिथल्या विमानतळावर घेतात. कागदपत्रं मान्यताप्राप्त एजंटमार्फत देता येतात, त्यामुळे मुलाने जागचं हलायची गरज नाही. व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत कधीही प्रवेश करता येतो, म्हणून शेवटच्या पेपरची तारीख नक्की कळल्यावर एप्रिलमध्ये अर्ज टाकला तरी चालतं. तारखा चार दिवस इकडेतिकडे झाल्या तर फक्त तिकिटाचा फरक भरायचा. एक लक्षात ठेवा: ई-व्हिसा मिळाला तर तो विमानतळावर इंटरनेट चालू असलेल्या फोनवर, त्यांच्या संकेतस्थळावरूनच उघडून दाखवायचा असतो. छापलेला कागद, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही.

आता उलट बाजू. मागच्या पाच वर्षांत मुलाचे शेंगेनसाठी ठसे झाले असतील, तर ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात आणि वर लिहिलेला बराचसा त्रास गळून पडतो. अशा घराने माझं फारसं ऐकू नये.

पासपोर्टमध्ये एक सापळा आहे, त्यात चांगली चांगली माणसं अडकतात. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढाच असतो. मूल पंधरा ते अठरामध्ये असेल तर अर्ज करतानाच दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. तो पर्याय बरेच जण निवडत नाहीत. मग मुलाचा अठरावा वाढदिवस ऑगस्टमध्ये आणि सहल जूनमध्ये असेल, तर शेंगेनची परतीनंतर तीन महिने वैधतेची अट मोडते आणि अर्ज तिथेच अडकतो. जपानला मुक्कामापुरती वैधता पुरते, तरी विमान कंपनीच्या काउंटरवर वाद नको म्हणून नूतनीकरण आधीच करून घ्यावं. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच बसवलेलं असतं. तिकीट आणि व्हिसा अर्ज दोन्हीकडे ते तसंच्या तसं लिहा. मूल अठराच्या आत असेल तर घरी राहणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि जन्मदाखला, एवढं दोन्ही देशांसाठी जवळ हवंच.

प्रवासात मात्र स्वित्झर्लंड पुढे आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दोहाचं विमान तुमच्या तारखांना चालू असेल, तर नागपूर–दोहा–झुरिक एकाच तिकिटावर होतं, इमिग्रेशन घराजवळ उरकतं आणि सामान थेट झुरिकला मिळतं. जपानला जाताना बहुतेक वेळा दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. इथे एकच सल्ला: नागपूर–दिल्ली आणि दिल्ली–टोकियो एकाच पीएनआरवर घ्या. चारेक हजार वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढली, तर दिल्लीत सामान उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि टर्मिनल १ वर उतरलात तर रस्त्याने टर्मिनल ३ गाठावं लागतं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणावरच नाही. तरीही तसंच करायचं असेल, तर मध्ये पाच-सहा तास ठेवा.

खाण्यातही शाकाहारी घराने प्रामाणिकपणे स्वित्झर्लंडला गुण द्यावेत. मिग्रोस किंवा कोप या सुपरमार्केटमध्ये ब्रेड, चीज, दही, फळं, सॅलड घेतलं की दोन वेळा निघतात. फक्त रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा मोठ्या स्टेशनातलं दुकान गाठायचं. जाताना तूप, पनीर, खवा घेऊ नका; बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. जपानमध्ये घोळ दाशीचा आहे. सुकवलेल्या बोनिटो माशाचा हा अर्क मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्शात, भाज्यांच्या सॉसमध्येही असतो. ‘मांस नाही ना?’ असं विचारलं तर समोरचा खरेपणाने ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी दाशी म्हणजे मांस नव्हेच. म्हणून ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. भारतीय आणि नेपाळी उपाहारगृहं बऱ्याच शहरांत आहेत, कोको इचिबानया या करी-भाताच्या साखळीच्या काही शाखांत शाकाहारी करी मिळते, आणि टोकियो स्टेशनात तिकीट-फाटकाच्या आतच टीज तानतान या उपाहारगृहात पूर्ण वनस्पतिजन्य रामेन नूडल्स मिळतात. सकाळसाठी इन्स्टंट पोह्यांची पाकिटं न्या. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असतेच. घरात सामिष चालत असेल तर हा परिच्छेद विसरा, मूल तिथे खूशच असतं.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही देश स्वस्त नाहीत, पण स्वित्झर्लंडमध्ये खर्च डोळ्यात जास्त भरतो. पासाच्या बाबतीत वय बघा. पालकाकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सोळाच्या आतलं मूल फॅमिली कार्डवर फुकट फिरतं. म्हणजे दहावीनंतरच्या सहलीला हा फायदा मिळू शकतो, बारावीनंतर नाही. तेव्हा फक्त युवा पासाची सवलत उरते. युंगफ्राऊयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनला पास असूनही वरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, त्यावर सवलत तेवढी मिळते. ३,४५४ मीटरवर ढग असले तर त्या पैशांत फक्त पांढरं धुकं दिसतं. तिकीट आदल्या दिवशी काढू नका, सकाळी वेबकॅम पाहून काढा. सोबत पॅरिस करायचं असेल तर अठराच्या आतल्या मुलाला लूव्र मोफत आहे, पण वेळेचं आरक्षण करून ठेवा.

जपानमध्ये उलट, पास घेणं हीच चूक ठरू शकते. सात दिवसांचा जेआर पास (जपानी रेल्वेचा) ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झाला. टोकियो–क्योटो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन होतात, हिरोशिमा जोडलं तरी पास वसूल होईलच असं नाही. सुटी तिकिटं काढा. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली, तर त्या मार्गावरच्या शिंकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) मोठ्या सामानाची जागा असलेलं आसन आधी आरक्षित करावं लागतं. मधल्या आकाराची बॅग नेली की तो प्रश्नच मिटतो. हॉटेल घेताना ‘डबल’ नव्हे, ‘ट्विन’ निवडा. तिथला ‘सेमी-डबल’ म्हणजे सुमारे १२० सेंटीमीटर रुंदीचा एकच पलंग असतो, आणि सतरा वर्षांच्या मुलासोबत त्यावर रात्र काढायची नसते. जिब्ली हे ॲनिमेशनचं संग्रहालय मुलाच्या यादीत असेल, तर पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या सकाळी दहाला सुटतात, म्हणजे आपले साडेसहा. शिकवणीला जाण्याआधी तोच काढून टाकेल.

पालकांच्या गुडघ्यांचा विचार केला तर स्वित्झर्लंड सोयीचं: गाडी डोंगरावर नेऊन सोडते. टोकियोत स्टेशनच्या आतच एवढं चालणं होतं की संध्याकाळी पाय बोलतात. सरकते जिने आहेत, पण प्रत्येक दाराशी नाहीत.

हवामान तुमच्या मुलाच्या परीक्षेवर अवलंबून आहे. नीटवालं मूल मेच्या पहिल्या आठवड्यानंतर मोकळं होतं. साधारण तेव्हाच तिथला गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठ सुट्ट्यांचा गर्दीचा आठवडा, संपतो, आणि मेअखेरपर्यंतचे दिवस जपानला उत्तम. इथे पारा ४५ वर असताना तिथे हलका जॅकेट लागतो. जेईई ॲडव्हान्स्डवालं मूल मेच्या उत्तरार्धात सुटतं, म्हणजे सहल जूनमध्ये जाते, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टोकियो-क्योटोत त्सुयू, म्हणजे तिथला पावसाळा, सुरू होतो. तेव्हा एक तर उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जा, तिथे त्सुयू नसतो, नाही तर सरळ स्वित्झर्लंडचा विचार करा. जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

जूनमध्ये जाणाऱ्यांनी प्रवेशफेऱ्यांचाही हिशेब ठेवावा. जोसाचे (आयआयटी-एनआयटीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया) पसंतीक्रम आणि जागा स्वीकारणं ऑनलाइन होतं, पण ओटीपी नोंदवलेल्या भारतीय क्रमांकावरच येतो. तिथलं ई-सिम इंटरनेटसाठी घ्या, जुनं सिम फोनमध्ये राहू द्या आणि निघण्याआधी इथेच त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा. गुणपत्रिका आणि दाखले स्कॅन करून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. उन्हाळ्यात दोन्ही देशांशी आपला फरक साडेतीन तासांचाच, फक्त दिशा उलट. आपल्याकडे संध्याकाळी पाचला मुदत संपत असेल तर जपानमध्ये साडेआठ वाजलेले असतात, जेवून खोलीत परतण्याची वेळ. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, आणि मूल बहुधा कुठल्यातरी केबल कारमध्ये असतं.