स्लाव्हिया : तीन सिलिंडर की चार? आधी गिअरबॉक्स बघा

स्कोडा स्लाव्हिया बघायला निघालेल्याला घरातून एक सल्ला हमखास मिळतो : 'तीन सिलिंडरची घेऊ नकोस, थरथरते.' थरथर खोटी नाही. पण एवढ्यावरून निकाल लावला तर गाडी चुकीची निवडली जाऊ शकते.

चाकणला बनणारी ही सेडान २०२२ मध्ये बाजारात आली ती दोन टर्बो (जादा हवा कोंबून जोर वाढवणारी) पेट्रोल इंजिनं घेऊन, डिझेल नाहीच. टीएसआय हे कंपनीचं या टर्बो पेट्रोल इंजिनांचं नाव. १.० टीएसआय म्हणजे ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११५ पीएस ताकद, १७८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. १.५ टीएसआय म्हणजे १४९८ सीसी, चार सिलिंडर, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. फोक्सवॅगन व्हर्टसलाही हीच जोडी आहे.

थरथरीचं गणित सोपं आहे. चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये दर २४० अंशांना. सिग्नलला ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) धरले तर चारमध्ये सेकंदाला साधारण २७ ठोके, तीनमध्ये २०. ठोके जितके विरळ, तितके हाताला जास्त जाणवतात. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन दोन्ही टोकांनी वरखाली डोलू पाहतं, आणि ते डोलणं मारायला या १.० मध्ये बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तोल साधणारा जादा दांडा, नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागला की स्टिअरिंगवर बारीक झिणझिण येते. दोन हजार आरपीएमच्या पुढे ती विरते आणि मागे उरतो थोडा घोगरा आवाज. तो काहींना चक्क आवडतो.

१.० ची खरी खोट वेगळीच आहे. पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमला मिळतो आणि त्याखाली इंजिन झोपलेलं असतं. मॅन्युअलमध्ये स्पीडब्रेकरवर वेग १५ पर्यंत उतरला की दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा हजाराच्या आसपास येतो. तिथे ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी गचके खाते आणि मग टर्बो जागा झाला की एकदम उसळते. उपाय एकच : सरळ पहिला टाका. खंबाटकीसारख्या घाटात चार माणसं, सामान आणि एसी असेल तर तिसऱ्यात काटा दोन हजारांच्या वर ठेवा, १.० कुरकुर न करता चढते. चौथ्यात रेटाल तर दमते.

१.५ ला हे सगळं सांभाळावं लागत नाही. तिचे २५० न्यूटन-मीटर १६०० पासूनच हाताशी असतात, त्यामुळे दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना मनातला हिशेब कमी करावा लागतो. हलक्या पायाने, एका लयीत चालवलं की ती मधले दोन सिलिंडर, म्हणजे दुसरा आणि तिसरा, बंद करते. डॅशबोर्डवर तसं दिसतंही. पण हा फायदा हायवेचा. ८०-९० च्या स्थिर वेगाला तो मिळतो. शहरातल्या धर-सोडीत सिलिंडर जेमतेम बंद होतात आणि लगेच जागे होतात. ॲव्हरेजच्या आशेने गावात फिरवायला १.५ घेणं म्हणजे पैसे वाया.

आता गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक हवी असेल तर १.० ला ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारा गिअरबॉक्स) मिळतो, १.५ ला ७-स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. डीएसजीचे दोन्ही क्लच कोरडे असतात, त्यांना थंड करायला तेल नसतं. इंच-इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये अर्धवट ब्रेक दाबून गाडी रांगवली की क्लच घासत राहतात, तापतात, आणि पहिल्या-दुसऱ्यात धक्के सुरू होतात. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, ब्रेक पूर्ण सोडून निघा, मग पूर्ण थांबा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं तर नकोच. टॉर्क कन्व्हर्टरला हे चोचले लागत नाहीत. तो जरा आळसट आहे, पण ट्रॅफिकमध्ये निमूट चालतो.

म्हणून रोज पुण्यातल्या हिंजवडी-वाकडसारखं ट्रॅफिक असेल तर १.० ऑटोमॅटिक, तीन सिलिंडरसकट. महिन्यातून दोन-तीनदा भरल्या गाडीने कोल्हापूर किंवा नागपूर गाठायचं असेल तर १.५. मधल्यामध्ये १.० मॅन्युअल आहे. स्वस्त आणि मजेदार, फक्त गिअर बदलायचा कंटाळा नको.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी पूर्ण सोडा, एक उभा चढ शोधा आणि तिथे थांबून पुन्हा निघा. सेल्समन गुळगुळीत सपाट रस्त्यावर नेईल. तिथे दोन्ही इंजिनं सारखीच छान वाटतात.