डबा नवा दाखवला, टाकीत माझाच जुना पंप

माझी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 टर्बो पेट्रोल, कंपनीची ताकद 150 पीएस. मी टर्बो मोठा बसवला, इंजेक्टर बदलले. मॅप करणाऱ्यानं (इंजिनाचं सॉफ्टवेअर जुळवणाऱ्यानं) बजावलं होतं, बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, वाढवायच्या आधी फ्युएल पंप आणि रिटर्न लाइन करून घ्या. त्यासाठी मी जालन्याहून संभाजीनगरातल्या एका गॅरेजला गेलो.

ठरलं ते असं: तासाला 255 लिटरचा पंप, इंजिनापासून टाकीपर्यंत जाड रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी), पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा नवा रेग्युलेटर, पंपाला वेगळा रिले (करंटचा स्विच) आणि जाड वायर. 38,000 रुपये, यूपीआयनं, बिल नाही. काउंटरवर गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर डबा फोडला, पंप हातात दिला. दोन दिवसांनी गाडी मिळाली. जुना पंप मागितला तर म्हणाला, ‘दादा, तो भंगारात गेला. तुम्हाला काय करायचाय?’

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण बॉनेट उघडलं तर लाल-निळ्या फिटिंग, जाळीचा चकचकीत पाइप. रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून त्यानं मीटर दाखवला, ‘बघा दादा, काटा बरोबर तीन बारवर.’ मी खूश.

तो काटा खोटा नव्हता, आणि माझी फसगत नेमकी तिथंच झाली. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन पेट्रोल पितं किती? थकलेला पंपही तेवढ्यात तीन बार दाखवतो. खरी परीक्षा बूस्टमध्ये. जेवढा बूस्ट चढतो तेवढंच प्रेशर रेग्युलेटर वाढवतो, म्हणजे 1.2 बार बूस्टला इंजेक्टरच्या नळीत 4.2 बार. प्रेशर चढलं की कुठल्याही पंपाचा पुरवठा घटतो, आणि इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं तेही त्याच क्षणी. गावात, सिग्नलला, शांतपणे जालना रोडला चालवताना काहीच कळत नाही.

कळलं समृद्धीवर, नऊ दिवसांनी. तिसरा गियर, साडेचार हजार आरपीएम. एअर-फ्युएलचा (पेट्रोलच्या किती पट हवा, ते दाखवणारा) मीटर साडेअकरावर असायला हवा, तो सरळ 13.8 वर गेला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आणि इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. पाय काढला. तेवढं सुचलं म्हणून इंजिन हातात राहिलं.

गाडी आमच्या जालन्याच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. त्यांनी आधी प्लग काढले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मोहरीहून बारीक चमकणारे ठिपके होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. मग मागची सीट उचलून टाकीचं झाकण खोललं. गेल्या वर्षी पंपाच्या वायरचा कनेक्टर जळाला होता, तेव्हा चाचांनीच झाकणाच्या वरच्या बाजूला जोड मारून हिरवी टेप गुंडाळली होती. टेप जशीच्या तशी. झाकणाखालून पंप बाहेर काढला, चाचांनी तो हातात फिरवून पाहिला. ‘बेटा, ये तो तेराच पंप है.’ खालची गाळणी तेवढी नवी.

तरी खात्री केली. पंप पुन्हा टाकीत बसवून रेग्युलेटरच्या नळीला सायकलचा पंप लावला, प्रेशर चार बारला नेलं आणि रिटर्न दुधाच्या स्टीलच्या किटलीत सोडला (बाहेर मोकळ्यावर, आणि चाचांची बिडी लांब ठेवून). 255 चा पंप म्हणजे मिनिटाला सव्वाचार लिटर. प्रेशरचं आणि बॅटरीचं थोडं कमी धरलं तरी अर्ध्या मिनिटात दीड लिटरच्या वर यायला हवं होतं. किटलीत पाऊण लिटरही भरलं नाही.

रिटर्न लाइनची गंमत तर वेगळीच. गाडी वर घेतली तर फायरवॉलपाशी (इंजिनामागच्या पत्र्यापाशी) चकचकीत पाइप संपलेला, पुढे टाकीपर्यंत जुनीच नळी, मध्ये दहा रुपयांचा क्लॅम्प. जाळी कापली तर आत साधा रबर, आमच्या शेतातल्या फवारणी पंपाचा असतो तसला. जाळी म्हणजे वरचा सदरा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, असला रबर त्यात फुगतो आणि झिरपतो. आठवडाभर गाडीत जो वास येत होता तो हाच. मी खिडकी उघडून चालवत होतो, काय म्हणावं.

रिले? प्लॅस्टिकचा ठोकळा होता, वायर कशालाच जोडलेली नव्हती.

परत गेलो तर आधी ‘दादा, पोराकडून चूक झाली’, मग आवाज चढला. ‘तक्रार करा खुशाल. आरटीओला सांगू का, गाडी मॉडिफाय आहे म्हणून?’ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मलाही माहीत होतं. माझाही पाय त्यात अडकलेला, आणि त्याला तेच पाहिजे होतं. तरीही ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण माझ्याजवळ बिल नाही, नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे दोन मेसेज. त्यात ‘255 पंप बसवला’ असं त्यानं स्वतः लिहिलंय, एवढंच बरं.

निघताना काउंटरमागच्या काचेच्या कपाटाकडे लक्ष गेलं. तोच डबा, माझ्यासमोर फोडलेला. कोपऱ्याला सेलोटेप लावून पुन्हा बंद केलेला. शेजारी एक पोरगा दाम मोजत उभा होता.