नऊ महिने एकच ३५ मिमी: बीदर, समरकंद, बुखारा, खिवा

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. लेन्स ठेवणार आहे, विकणार नाही. पण "उझबेकिस्तानला चाललेय, एकच लेन्स न्यायची तर कोणती?" असं कुणी विचारलं तर ३५ मिमी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

जूनमध्ये सेकंडहँड घेतली, ३१ हजारांना. ३५ मिमी, झूम नाही, चौकट एकच ठरलेली. एफ १.८, म्हणजे तिचं भोक सगळ्यात मोठं उघडतं तेव्हाचा आकडा; आकडा वाढला की भोक लहान. चोवीस मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम मिररलेसवर लावते. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की निम्मे लोक लेन्स सोडून ब्रँडवर भांडत बसतात. पावसाळाभर पुण्यात वापरली, सप्टेंबरात बीदरला नेली, ऑक्टोबरात बाबांबरोबर अकरा दिवस ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. आता मार्च चालू आहे. बाबा उदगीरला शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याकडे फोन होता, त्या फोनला वाइड लेन्स होती. हे लक्षात ठेवा, पुढे फार वेळा येणार आहे.

बीदर मुद्दाम निवडलं होतं. उदगीरहून फार लांब नाही, आणि तिथला महमूद गवानचा मदरसा (१४७२) अगदी तिमुरी, म्हणजे समरकंदच्या तैमूरलंगाच्या घराण्याच्या धाटणीचा आहे. चौक, चारी बाजूंना खोल्या, दर्शनी भिंतीवर रंगीत टाइल्स. गवान बहामनी सुलतानांचा वजीर, पण स्वतः इराणातल्या गिलानचा. टाइल्स आता थोड्याच उरल्यात, मिनारही दोनातला एकच. म्हटलं, ही रंगीत तालीम. सकाळच्या उन्हात मदरसा छान आला, मिनार जवळपास पूर्ण बसला, मी खूश. चूक इथेच झाली. बीदरला मागे सरायला मोकळं अंगण आहे, हे डोक्यातच आलं नाही.

बुखाऱ्यात कल्याण मिनारासमोर उभी राहिले तेव्हा गणित कळलं. ३५ मिमी कॅमेरा उभा धरला की तुम्ही जितके लांब, साधारण तितकीच उंची चौकटीत मावते. दहा मीटरवरून दहा मीटर. ऐकायला सोपं. पण मिनार सरळ यायला हवा तर कॅमेरा वर करायचा नाही, सपाट धरायचा, आणि मग चौकटीचा खालचा अर्धा भाग फरसबंदी खाऊन टाकते. म्हणजे दुप्पट अंतर. हा मिनार ११२७ चा, उंची ४६ मीटरच्या आसपास. हिशेब करा, ८५ ते ९० मीटर मागे जायला हवं. मी मागे सरत सरत चहाच्या एका टेबलावर आपटले, तरी टोक कापलेलंच. कॅमेरा वर केला तर मिनार मागे कलंडतो. तो घरी सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतो, पण करताना दोन्ही कडा छाटल्या जातात आणि शेजारची मशीद अर्धी होते.

बाबांनी तेवढ्यात तीसेक मीटरवरून फोन उभा धरून अख्खा मिनार, वरचं आकाश आणि खालचं कबूतर टिपलं. वर मला सांगितलं, "चंगेजखानानं १२२० मध्ये शहर जाळलं, पण हा मिनार ठेवला म्हणतात. आणि तुला तो मावेना?"

याच शहरात त्याच दिवशी लेन्सनं मला गप्पही केलं. सामानी राजघराण्याचा मकबरा, दहाव्या शतकाच्या आसपासचा. बाजू जेमतेम दहा मीटरची, बागेत एकटा उभा, चारी बाजूंनी फिरता येतं. निळा रंग औषधालाही नाही, नुसती भाजलेली वीट. आडवी, उभी, तिरकी, कुठे चटईसारखी विणलेली. बाबा म्हणाले, "हे आपल्या हेमाडपंती देवळासारखं आहे बघ. रंग नाही, सगळं घडणीत." दुपारी तीन वाजता वीट सपाट दिसत होती. साडेचारनंतर ऊन तिरपं झालं आणि प्रत्येक विटेला स्वतःची सावली आली. तो दीड तास मी जागची फारशी हललेच नाही. कडेपर्यंत धारदार फोटो, एफ ५.६ वर. एफ १.८ वर मात्र सपाट भिंत काढू नका, कोपरे विरघळतात.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की ३५ मिमी ही दहा मीटरच्या इमारतीची आणि दोन मीटरवरच्या माणसाची लेन्स आहे. तिमुरानं आणि त्याच्या मागून आलेल्यांनी मात्र दहा मीटरचं काही बांधून घेतलं नसावं.

समरकंदचं रेगिस्तान घ्या (वाळवंट नव्हे, तीन मदरशांचा चौक). पश्चिमेला तिमुराचा नातू उलुगबेगचा मदरसा (१४१७-२०), समोर पूर्वेला शेरदोर, उत्तरेला तिल्लाकारी; हे दोन्ही सतराव्या शतकातले. दक्षिण बाजू मोकळी, सगळे फोटोवाले तिथेच उभे राहतात. जाण्याआधी दिशा पाठ करा, फार उपयोग होतो. उलुगबेगच्या दर्शनी भागावर सकाळी ऊन येतं, शेरदोरवर दुपारनंतर. शेरदोरच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघ आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. तो चेहरा सोनेरी दिसायला हवा तर सूर्यास्ताआधीचा तास. मी पहिल्या दिवशी सकाळी गेले आणि शेरदोर काळाठिक्कर. तिन्ही मदरसे एका फ्रेममध्ये ३५ मिमीत मला बसवता आले नाहीत. उभ्या पाच फ्रेम्स काढून घरी जोडल्या, त्यातल्या दोनांत एकच नवरी दोनदा आलीय. लग्नाचे फोटो काढायला तिथे जोडप्यांची रीघ असते.

रात्री दिवे लावतात तेव्हा या लेन्सची खरी खोड कळते. तेजस्वी दिवा चौकटीत आला की समोरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. हूड लावूनही.

आता निळ्या रंगाबद्दल, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग सावरण्याची सोय) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा गोंधळतो. चौकटभर निळं दिसलं की त्याला वाटतं उजेडच निळा आहे, मग तो त्यात पिवळं ओततो आणि फिरोजी टाइल मळकट हिरवी होते. पुढच्या फ्रेममध्ये एखादी वीट आली की पुन्हा वेगळा रंग. दुसऱ्या दिवसापासून मी ५२०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या आकड्यावर, खिळा ठोकला आणि घरी रंग बदलता येतात अशा रॉ फाइल्सच काढल्या. गूर-ए-अमीरच्या आत, तिमुराच्या थडग्यापाशी, वर सगळं सोनेरी काम आणि पिवळे दिवे. तिथे तोच आकडा ठेवून सगळं संत्र्यासारखं आलं, ते घरी सुधारलं. रंगाचं हे भांडण जुनं आहे म्हणा. प्रोकुदिन-गोर्स्की नावाचा रशियन छायाचित्रकार याच भागात फिरला, १९११ मध्ये त्यानं बुखाऱ्याच्या अमीर आलिमखानाचा निळ्या झग्यातला रंगीत फोटो काढला. एकाच दृश्याच्या तीन कृष्णधवल प्रती, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकामागून एक. मध्ये कुणी हललं की कडेला रंगांची झालर. अमीर हलला नाही. बाबा पाच सेकंद स्थिर उभे राहत नाहीत.

"बाबा, जरा थांबा ना, ऊन येतंय."

"अगं, ऊन काय पळून जातंय का?"

"हो बाबा, जातंय."

समरकंदच्याच शाह-ए-झिंदाच्या, म्हणजे मकबऱ्यांच्या गल्लीत रुंदी इतकी कमी की दर्शनी भाग पूर्ण घ्यायचा विचारच सोडला. समोरची भिंत पाठीला लागते. पण ही लेन्स पाव मीटरवर, म्हणजे वीत-सव्वा वीतभरावर फोकस होते, आणि तिथे तिनं पैसे वसूल केले. शादी मुल्क आकाच्या मकबऱ्यावर (१३७२) कोरलेल्या टाइल्स आहेत. आधी माती कोरली, मग त्यावर काचेचा लेप. जवळून पाहिलं की लेपाला केसासारख्या भेगा, खाचांत रंग साचून गडद झालेला, उंचवट्यावर पातळ. शेजारी दुरुस्तीची नवी टाइल लगेच ओळखू येते. तिचा निळा सगळीकडे सारखा, बाथरूममधल्यासारखा. दुरून हा फरक फोनला नाही दिसत. (बाबांना दाखवला. म्हणाले, "हां, हे बरंय." पायऱ्या मोजण्यात गुंग होते. चढताना आणि उतरताना आकडा सारखा आला तर इच्छा पुरी होते म्हणतात. त्यांचा एकानं चुकला.)

माणसांसाठी ही लेन्स सोन्यासारखी. सियाब बाजारात पाववाल्या बायका बाळाच्या जुन्या ढकलगाडीत रोट्या घेऊन येतात. समरकंदची रोटी जाड, जड, मध्ये दाबून सपाट केलेली आणि तिथे खिळ्यांच्या ठशानं टोचलेली नक्षी. एकीला मी कॅमेरा दाखवून "मुमकिनमी?" विचारलं. तिनं हातानं थांबवलं. मला वाटलं नाही म्हणतेय. तिनं फडकं काढलं, वरच्या चार रोट्या पुसून चकचकीत केल्या, त्यातली सगळ्यात देखणी समोर फिरवून ठेवली, डोक्याचा रुमाल सारखा केला, मग मान हलवली. मी दीड मीटरवर होते. ३५ मध्ये ती, गाडी, रोट्या आणि मागचं बाजाराचं छत, सगळं आलं. मोठ्या झूमनं लांबून टिपलं असतं तर रुमाल सारखा करायला तिला वेळच मिळाला नसता. तिच्या मुलानं टेलिग्राम उघडून दिलं, तिथेच फोटो पाठवला. एक रोटी फुकट मिळाली, ती ताश्कंदपर्यंत पुरली.

खिव्यात लाकडी खांबांची जुमा मशीद आहे, दोनशेहून अधिक कोरीव खांब आणि उजेड फक्त छतातल्या झरोक्यांतून. एफ १.८, शटर १/६०, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००. तिकाटण्याशिवाय, हात न हलता. इथे बाबांचा फोन पहिल्यांदा हरला. संध्याकाळी कुन्या आर्कच्या, म्हणजे खानाच्या जुन्या गढीच्या बुरुजावर चढा, तो शहराच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन तुमच्या पाठीमागून सगळ्या गावावर पडतं. अर्धवट राहिलेला जाड, निळा काल्टा मिनार तिथून सहज मावतो. १८५५ मध्ये खान लढाईत मारला गेला आणि काम थांबलं, नाहीतर तोही मावला नसता. खुदायबेर्गेन देवानोव याच गावचा, पहिला उझबेक छायाचित्रकार. एका जर्मन मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शिक्षकाकडून शिकला आणि काचेच्या प्लेट्स, लाकडी तिकाटणं घेऊन या गल्ल्यांत फिरला. माझी लेन्स आणि बॉडी मिळून एक किलोही नाही, आणि माझी मान दुखत होती.

आता तक्रार. बॉक्सवर धूळ-पाण्यापासून संरक्षण असं लिहिलंय. खिव्यात दुसऱ्या दिवशी वारा सुटला, किझिलकुम वाळवंटाची बारीक वाळू उडाली, मी कॅमेरा ओढणीत गुंडाळला. तरी तेव्हापासून फोकसची रिंग फिरवताना कर्रकर्र वाजते, दळणात खडा आल्यासारखी. पुण्यात सर्व्हिसला दिली. पाच आठवडे ठेवली, साफसफाईचे पैसे घेतले, परत आली तशीच कर्रकर्रत. "मॅडम, फोटोवर परिणाम नाही ना?" नाही, परिणाम नाही. पण वाजते. एकच लेन्स असल्यामुळे ती बॉडीवरून काढावीच लागली नाही, त्यामुळे सेन्सर मात्र स्वच्छ राहिला. लेन्सा बदलत राहणाऱ्या एका सहप्रवाशाच्या फोटोंतल्या आकाशात बुखाऱ्यापासून तीन डाग होते.

आणखी एक. जाळीदार, एकसारख्या नक्षीवर ऑटोफोकस कधीकधी खात्रीनं चुकीच्या जागी बसतो आणि फोकस झाल्याचा हिरवा चौकोनही दाखवतो. कमानीची कड धरून फोकस करा.

जाणाऱ्यांसाठी: ताश्कंदच्या मेट्रोत फोटो काढायला २०१८ पासून बंदी नाही, कोसमोनाव्तलार स्टेशन चुकवू नका, तिथे ३५ अगदी बेतशीर. ड्रोन परवानगीशिवाय घेऊन जाऊ नका, विमानतळावरच अडकाल. समरकंद ते ताश्कंद वेगवान गाडी आहे, दोन-सव्वादोन तास, खिडकीची काच मात्र मळकी होती.

पुढच्या महिन्यात २० मिमी घेतेय, सेकंडहँडच. घरच्या ग्रुपवर कल्याण मिनाराचा जो फोटो फिरतोय तो बाबांचा आहे, कबुतरासकट. मामानं विचारलं, "लेकीच्या कॅमेऱ्यातला का?" बाबांनी अजून उत्तर दिलेलं नाही.