केमो चालू असलेल्या मुलांसाठी गंगापूर रोडवरची एक लॅब

मुलांचं रक्त घेण्यात इथला हात खरंच चांगला आहे. बारीक बटरफ्लाय सुई, जांभळ्या झाकणाची छोटी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेली) ट्यूब, आणि रक्त भरताच ती ८-१० वेळा हलकेच उलटीपालटी करणं, हे न सांगता होतं. यात हयगय झाली की ट्यूबमध्ये गुठळी होते, प्लेटलेट खोट्या कमी दिसतात आणि लेकराला पुन्हा टोचावं लागतं.

मशीनने ब्लास्ट पेशींचा (अपरिपक्व रक्तपेशींचा, ज्या ल्युकेमियात म्हणजे रक्ताच्या कर्करोगात वाढतात) इशारा दिला, तर पॅथॉलॉजिस्ट स्वतः स्लाइड बघतात. ल्युकेमियाचं पक्कं निदान मात्र बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) आणि फ्लो सायटोमेट्रीनेच (पेशींचा प्रकार ओळखणारी चाचणी).

खटकलं ते एक: रिपोर्टवर एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या, छापत नाहीत. पांढऱ्या पेशी १,२००, न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे एएनसी ३६०. ५०० च्या खाली जंतुसंसर्गाचा धोका फार. केमोच्या काळात ताप आला, तर रिपोर्टसाठी थांबूच नका, थेट रुग्णालय गाठा.

काउंटरवर सुचवलेलं ‘कॅन्सर पॅकेज’ निरोगी मुलासाठी घेऊ नये. त्यातलं एएफपी (रक्तातलं एक प्रथिन) हेपॅटोब्लास्टोमात, म्हणजे लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगात, उपयोगी, पण तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असतं. उगाच घबराट होते.