रुग्णालयातला समाजसेवा विभाग: पहिल्याच दिवशी गाठा

देवगड तालुक्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं, दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज, दिवसभर हेच चालतं. सरकारी योजना आणि त्यांचे कागद मला पाठ आहेत. तरीही माझ्या वडिलांच्या आजारपणात रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाने आमच्यासाठी जे केलं, ते मला एकटीला कधीच जमलं नसतं. या विभागाबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रुग्णालय धर्मादाय आहे, कोकणातलंच. नाव देत नाही, कारण पुढे आमच्या घरातल्या गोष्टी आल्या आहेत आणि तक्रारीही आहेत. या विभागातल्या समाजसेविका मॅडमचंही नाव देत नाही.

बाबा मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. पहाटे बोट लागली, म्हावरं उतरवताना उजव्या हातातली टोपली सुटली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. 108 ची गाडी आली, पण स्कॅन होईपर्यंत आणि एका खासगी दवाखान्यात अनामत रकमेवरून घोळ होईपर्यंत मेंदूतली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली. मग या रुग्णालयात आलो. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. तिथल्या वॉर्डातल्या सिस्टरनी समाजसेवा विभागाची खोली दाखवली.

मॅडम एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या, मूळच्या घाटावरच्या, पण मालवणी छान समजतं. बसल्या बसल्या त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, घरात कोण कोण? पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बाबांचा चौकोन, आईचा गोल, खाली मी आणि माझा भाऊ. बाबांचे मुंबईतले भाऊ, शेजारच्या घरातली चुलत काकी, सगळे त्यात आले. मग रेषा. ज्यांचं एकमेकांशी घट्ट आहे त्यांच्यात दुहेरी रेघ, ज्यांचं फाटलंय त्यांच्यात नागमोडी. बाबा आणि मुंबईच्या काकांमध्ये आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून नागमोडी निघाली. मग घराबाहेर एक मोठं वर्तुळ काढून बोटमालक, आईचा बचत गट, बाबांचं भजनी मंडळ, भावाची आयटीआय. तो कागद अर्ध्या तासात भरला. आमच्यामागे कोण उभं राहू शकतं आणि कोण नाही, हे मी पहिल्यांदा असं एका जागी पाहिलं.

मग त्या आईकडे वळल्या. "काकी, रात्री तुम्ही किती वेळा उठता?"

आई म्हणाली, "माका काय जाला नाय. मी बरी आसंय. ह्येंचा काय ता बघा."

"काकांचं डॉक्टर बघतायत. मी तुमचं विचारतेय."

आई तिथेच रडायला लागली. वॉर्डात दाखल झाल्यापासून ती नीट जेवली नव्हती, आणि हे मला तिच्या शेजारी बसूनही दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळेच बाबांकडे बघत होतो. मॅडमनी तिला रडू दिलं, गप्प बस म्हणाल्या नाहीत. मग त्याच कागदावर बोट ठेवून विचारलं, यातलं कोण रात्रीचं येऊ शकेल? शेजारच्या काकीचं नाव आईनेच घेतलं. दुसऱ्या दिवसापासून काकी एक रात्र आड येऊ लागली. घरी गेल्यावरही तेच ठेवलं. घरात ज्याला लकवा होतो तो एकटा आजारी पडत नाही, त्याला उचलणारी बाईही हळूहळू खचते. माझ्या मते या विभागाचं सगळ्यात मोठं काम हेच, की तिची चौकशी करणारं माणूस तिथे पगारावर नेमलेलं आहे. मॅडमनी आईला 14416 हा नंबरही फोनमध्ये साठवून दिला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. एका रात्री आईने तो लावला. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही. सकाळी ती परसातल्या अळवाला पाणी घालत होती, एवढं पाहिलं.

आता पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण त्यात ठरलेले उपचारच बसतात. उरलेल्या बिलासाठी मॅडमनी धर्मादाय सवलतीचा अर्ज भरून घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. आम्ही दुसऱ्या गटात बसलो. तहसीलदारांचा दाखला आणि रेशनकार्ड माझ्या फायलीत तयारच होतं.

मला पटलं ते हे की जे मिळणार नाही ते त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. संजय गांधी निराधारच्या उत्पन्न मर्यादेत तुम्ही बसत नाही, उगाच चकरा मारू नका. मत्स्य संपदा योजनेतला मच्छीमारांचा विमा अपघाताचा आहे, कायमचं पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू आला तर 5 लाख, पण आजाराला तो लागू नाही, त्या आशेवर कर्ज काढू नका. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आज भरायची घाई नको, लकव्याची तपासणी सहा महिने झाल्यावर करतात, तोपर्यंत व्यायामाने किती परत येतं ते बघू. माझ्या केंद्रात रोज माणसं येतात, ज्यांना कुणीतरी "होऊन जाईल" म्हणून सहा ठिकाणी फिरवलेलं असतं. खरं आणि वेळेवर सांगणं ही केवढी मोठी मदत असते, ते मला माहीत आहे.

बोटमालकाचा विषय नाजूक होता. हंगामाच्या सुरुवातीला बाबांनी उचल घेतलेली, आणि हंगाम अर्धाच झालेला. मालक वाईट माणूस नाही, पण दवाखान्यात भेटायला आला तेव्हा उचलीचं बोलून गेला आणि आईच्या मनाला ते लागलं. मॅडम स्वतः मालकाशी भांडायला गेल्या नाहीत. आम्हाला म्हणाल्या, हिशेब लिहून काढा, किती फेऱ्या झाल्या, वाटा किती निघतो, उचल किती वळती झाली. भावाने बाबांची वही काढली. बाबांना बोलता येत नव्हतं पण आकडा दाखवला की मान हलवत होते, हो की नाही ते बरोबर कळत होतं. तो कागद घेऊन आई आणि भाऊ मालकाकडे गेले. उरलेली उचल पुढच्या हंगामावर ढकलली गेली. आईने आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या ओटीवर बसून हिशेबाचं बोलणं केलं.

बाबांशी वागण्याबद्दल मॅडम फार काटेकोर होत्या. आम्ही त्यांच्या खाटेशी उभं राहून त्यांच्याबद्दल बोलायचो, जेवले का, झोपले का. मॅडमनी थांबवलं. "काकांना सगळं समजतंय. त्यांनाच विचारा." मग वाचा-उपचार करणाऱ्या ताईंशी बोलून भावाकडून मोबाइलवर फोटो काढून घेतले: पेजेचं ताट, चहाचा कप, पंखा, लुंगी, शौचालयाचं दार, आई. बाबा डाव्या हाताने बोट ठेवायचे. त्याआधी ते दिवसातून कितीदा तरी चिडून ताट ढकलायचे. ते बरंच कमी झालं.

घरभेटीबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. या रुग्णालयाचा फिरता दवाखाना महिन्यातून एकदा आमच्या बाजूला येतो, त्या गाडीतून मॅडम आल्या. आमचं घर चिऱ्याचं, जुनं. पडवीतून खाली तीन पायऱ्या, मग खळं, मग विहिरीच्या कडेने परसातलं शौचालय. मॅडमनी ती वाट स्वतः चालून पाहिली, उजवा हात अंगाशी धरून, फक्त डावा वापरत. पायऱ्यांवरचं शेवाळ त्यांच्या लक्षात आलं. धरायला काय लावता येईल, असं त्यांनी भावाला नाही, बाबांना विचारलं. बाबा काही वेळ बघत राहिले आणि मग पडवीच्या वाशाला अडकवलेल्या बोटीच्या दोराकडे बोट केलं.

पोफळीचे खांब पुरून त्यांना कमरेच्या उंचीवर दोर ताणायचा ठरलं. भाऊ गाठ मारायला लागला आणि बाबांच्या तोंडून शब्द आला, "उलट." पुन्हा, "उलट... उलट." गाठ उलटी पडत होती. शेवटी त्यांनी दोराचं टोक दातात धरलं, डाव्या हाताने फास फिरवला आणि भावाला ओढायला लावलं. तीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाची गाठ ती, हलली नाही. मॅडम चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी वाहवा केली नाही, पुढचा प्रश्न विचारला: जाताना दोर डाव्या हाताला येईल, पण परत येताना तो उजव्या बाजूला जाईल, तेव्हा काका काय धरणार? हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मग दुसऱ्या बाजूनेही खांब पुरले. पावसाळा संपल्यावर गवंड्याकडून लोखंडी पाइप बसवून घेतले, पण तो पावसाळा बाबांनी त्या दोरावर काढला आणि एकदाही पडले नाहीत.

भावाचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. तो आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतोय. बाबा आजारी पडल्यावर तो म्हणायला लागला, आयटीआय सोडतो, खलाशी म्हणून बोटीवर जातो. आई नको म्हणायची, मी ओरडायचे, तो आणखी हट्टाला पेटायचा. मॅडम त्याच्याशी वेगळ्या बोलल्या, आम्हाला बाहेर बसवून. जाऊ नको असं त्यांनी त्याला सांगितलंच नाही. घरात महिन्याला किती लागतं आणि किती येतं, हे त्याच्याकडूनच लिहून घेतलं. कमी पडणारी रक्कम त्याने भीतीपोटी धरली होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली. निर्णय त्याचा त्यानेच घेतला: सकाळी आयटीआय, संध्याकाळी बंदरावर इंजिनाच्या कामाला मदतनीस. मुंबईच्या काकांना फोनही त्यानेच लावला. कलमांची वाटणी अजून आहे तिथेच आहे, पण काका गणपतीला आले आणि बाबांच्या शेजारी बसून आरतीला टाळ वाजवून गेले.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: खोली. प्लायवूडची अर्धी भिंत, पलीकडे बाक. बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू येतं. तिथे बसून माझ्या कानावर दुसऱ्यांच्या घरातल्या अशा गोष्टी पडल्या ज्या पडायला नको होत्या, आणि आमच्याही कुणाच्या तरी पडल्या असणार. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायला आलेली बाई त्या भिंतीमागे तोंड उघडेल का? रुग्णालयाने नवीन लॉबीला ग्रॅनाइट बसवलंय. त्याआधी या खोलीला पुरती भिंत आणि दार द्यायला हवं होतं.

दुसरी: एवढ्या रुग्णालयाला मॅडम एकट्या. आठवड्यातून काही दिवस एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी येतात, मुलं मनापासून करतात, पण सत्र संपलं की जातात आणि नव्या मुलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मॅडम रजेवर असल्या की खोलीला कुलूप. मुंबईत जे. जे. रुग्णालयात 1946 मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. इतक्या वर्षांनंतरही हे पद रुग्णालयाला जास्तीचं वाटतं, याचा मला राग येतो.

तिसरी: दाखल करताना कुणीही सांगत नाही. बिलाच्या खिडकीवर धर्मादाय सवलतीचा शब्द निघत नाही. आम्हाला सिस्टरनी सांगितलं म्हणून कळलं, शेजारच्या खाटेवाल्यांना डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

मॅडमसाठी आईने हापूसची पेटी पाठवली होती. त्यांनी ती परत केली, आईला वाईट वाटू नये म्हणून फोन करून कारण सांगितलं, आणि घरी येईन तेव्हा चहा घेईन म्हणाल्या.

गुण द्यायचे तर मॅडमच्या कामाला पाचपैकी पाच, रुग्णालयाने त्यांना दिलेल्या सोयींना दोन.

कुणाला जायची वेळ आली तर: केसपेपर काढतानाच "समाजसेवा विभाग कुठे आहे" असं विचारा. सरकारी रुग्णालय असेल तर "समाजसेवा अधीक्षक" म्हणून विचारा. फुले योजनेचं टेबल आणि आरोग्यमित्र वेगळे असतात, तिथे कागद होतील, पण हे काम होणार नाही. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या. नसेल तरी थांबू नका, आधी भेटा. घरात रुग्णाचं सगळं जी व्यक्ती करणार आहे तिला बरोबर न्या, नुसता कागद जाणणारा माणूस नको. सकाळी लवकर गेलात तर बाकावर गर्दी कमी असते आणि आतलं बोलणं बाहेर कमी जातं. आमच्या तालुक्यातल्या कुणाला रुग्णालयाचं नाव हवं असेल तर केंद्रावर या, समोरासमोर सांगेन. सोमवार ते शनिवार मी तिथेच असते.