घरबसल्या चित्रसंग्रह: गूगल आर्ट्स अँड कल्चर की संग्रहालयाचे स्वतःचे संकेतस्थळ?

वैशाखातल्या जळगावी दुपारी, दारे-खिडक्या लावून ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम पाहायचे तर दोन वाटा आहेत. २०११ मध्ये १७ संग्रहालयांसह सुरू झालेल्या गूगलच्या उपक्रमात आज अनेक देशांतील संग्रह एकाच ठिकाणी सापडतात. नुसते हिंडायला तो उत्तम. पण एकाच चित्रापाशी रेंगाळायचे असेल, आणि अजिंठ्याच्या शेजारी वाढलेल्या आपल्याला ती ओढ असतेच, तर मी संग्रहालयाचेच संकेतस्थळ सुचवेन. डच चित्रकार रेम्ब्राँच्या १६४२ च्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे ७१७ गिगापिक्सेलचे (म्हणजे ७१,७०० कोटी ठिपक्यांचे) छायाचित्र तेथे इतके मोठे करता येते, की रंगाच्या थरातील बारीक भेगाही स्पष्ट दिसतात. शिवाय स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या प्रती तेथून विनामूल्य उतरवून घेता येतात; गूगलवर ही सोय सहसा नसते.